निद्रिस्त व्हीनसचें चित्र व त्याचें कर्तृत्व

लंडन शहरांत मँचेस्टर स्क्वेअर ह्या चौकांत हर्टफर्ड हाउस नांवाचा जुना वाडा आहे. तेथील वॅलेस संग्रहांत एक फ्रेंच तैलचित्र आहे. झाडीच्या छायेंत व्हीनस देवी निजलेली आहे, तिच्या अंगाशीं तिचा पुत्र क्यूपिड झोपीं गेला आहे, आणि पंख असलेले बालरूपी झेफिर, म्हणजे पश्चिमेकडील मंद वायु, त्या दोघांभोंवतीं खेळत आहेत. हें चित्र इ. स. १८०६ सालीं पॅरिस येथील सरकारी प्रदर्शनांत प्रथम लोकांच्या दृष्टीस पडलें. त्या वेळीं त्याच्यापुढें कॉन्स्तांस मेयेर ह्या स्त्रीचें नांव होतें. पुढें तें तिचा गुरु प्येर पॉल प्रुदाँ ह्याचें म्हणून समजलें जाऊं लागलें व त्याच नांवाखालीं दीर्घकाळ वावरलें. आतां तें पुनः मेयेरच्या नांवावर जमा झालें आहे. कापड तेंच, रंग तेच. कर्त्याचें नांव मात्र दोनदां बदललें. ही अदलाबदल कशी झाली व न्याय कोणत्या बाजूस आहे, ह्याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

जुन्या पोथ्या व कागदपत्रें जमविणाऱ्या आमच्या वाचकांस हा प्रकार अगदींच नवा वाटणार नाहीं. एकाची रचना दुसऱ्याच्या अधिक प्रसिद्ध नाममुद्रेखालीं बाडांत शिरते, पुढील नकलकार ती तशीच उतरून घेतो, आणि दोन-तीन पिढ्या गेल्या म्हणजे मूळ कर्त्याचा पत्ता लागणें कठीण होतें. फरक इतकाच कीं, पोथीच्या अनेक नकला होतात व त्या ताडून पाहतां येतात. चित्र एकच असतें. तेथें पाठभेदांचा आधार नाहीं. जो कांहीं निर्णय करावयाचा तो त्या एका वस्तूवरून व तिच्याविषयींच्या कागदांवरून.

म्हणून आधीं अस्सल कागद कोणता तें पाहूं. पॅरिसच्या ह्या प्रदर्शनास फ्रेंच लोक सालाँ म्हणत. १८०६ चें सालाँ लूव्रच्या राजवाड्यांत भरलें. तेव्हां त्या वाड्याचें नांव नेपोलियनचें संग्रहालय असें पडलें होतें. प्रत्येक प्रदर्शनाच्या वेळीं एक लहान पुस्तिका छापून विकीत. तींत चित्रकारांचीं नांवें, त्यांचे पत्ते व चित्रांचे विषय क्रमांकानिशीं दिलेले असत. १८०६ च्या पुस्तिकेंत झेफिरांनीं कुरवाळलेलीं व जागीं केलेलीं निद्रिस्त व्हीनस आणि क्यूपिड ह्या अर्थाच्या मथळ्याखालीं हें चित्र मेयेरच्या नांवावर नोंदलेलें आहे. ही नोंद समकालीन आहे आणि सरकारी आहे. ती छापली गेली तेव्हां गुरु व शिष्या दोघेंही हयात असून त्याच शहरांत राहत होतीं. खेरीज ती एकटी नोंद नव्हे. १७९६ पासून १८१९ पर्यंत मेयेर ह्याच प्रदर्शनांतून स्वतःच्या नांवानें चित्रें मांडीत आली. चोरून दुसऱ्याचें काम आपलें म्हणून दाखविणाऱ्याची ही रीत नव्हे. आणि गुरूच्या संमतीनें दाखविलें असें म्हणावें, तर त्या संमतीलाच कांहीं अर्थ असला पाहिजे.

ह्या बाईची पूर्वपीठिका थोडक्यांत सांगणें जरूर आहे. तिचा जन्म १७७५ च्या सुमाराचा. बाप जकात खात्यांतील अधिकारी, घरची स्थिति सुखाची. प्रथम स्युवे ह्या चित्रकाराजवळ व नंतर ग्रेझ ह्याजवळ तिनें अभ्यास केला; ग्रेझ त्या काळीं म्हातारा झाला असून त्याची चलती ओसरली होती. कांहीं काळ ती दाविदच्या चित्रशाळेंतही होती. १८०१ सालीं तिनें एक मोठें चित्र मांडलें. त्यांत ती स्वतः आपल्या वडिलांसह असून वडील राफाएलच्या अर्धपुतळ्याकडे बोट दाखवून, ह्याचा कित्ता गिरव, असें मुलीस सुचवीत आहेत. हें चित्र सध्यां अमेरिकेंत हार्टफर्ड येथील संग्रहालयांत आहे. (लंडनचें हर्टफर्ड व अमेरिकेंतील हार्टफर्ड ह्यांचा घोटाळा करूं नये.) राफाएलला आदर्श मानणारी ही मुलगी इतिहासचित्र व पुराणचित्र हाच चित्रकलेचा श्रेष्ठ वर्ग समजत होती, हें त्यावरून उघड आहे; व्यक्तिचित्रें व फुलांचे गुच्छ काढून समाधान मानणाऱ्यांपैकीं ती नव्हती.

परंतु ह्या श्रेष्ठ वर्गाची वाट स्त्रियांस बंद होती. पुराणचित्र म्हणजे नग्न मनुष्याकृति, आणि ती साधावयाची तर जिवंत मनुष्य समोर बसवून वर्षानुवर्षें रेखाटन करावें लागे. राजाच्या जुन्या अकादमीनें १७७० सालीं ठराव केला होता कीं, स्त्री सभासद एका वेळीं चारांहून अधिक असूं नयेत. १७८३ सालीं व्हिजे-ल-ब्रँ व लाबिल-ग्यियार ह्या दोघी एकाच दिवशीं सभासद झाल्या, ती मोठी गोष्ट मानली गेली. राज्यक्रांतीनें १७९१ सालीं सालाँचे दरवाजे सर्वांस मोकळे केले व १७९३ सालीं अकादमीच बंद पाडली. पण नग्नाकृतीच्या वर्गांत बसण्याचा हक्क स्त्रियांस त्यामुळें मिळाला नाहीं. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेंत स्त्रियांस प्रवेश मिळण्यास १८९७ साल उजाडावें लागलें. म्हणजे प्रदर्शनांत चित्र मांडण्यास मोकळीक व तें चित्र काढण्यास लागणाऱ्या शिक्षणास मनाई, अशी ही विलक्षण अवस्था. अशा वेळीं एकाद्या गुरूच्या चित्रशाळेंत शिरून त्याच्या रेखाटनांचा आधार घेणें ह्यावांचून उपाय कोणता होता? मेयेरचा प्रश्न समजून घेतांना ही गोष्ट टीकाकार वारंवार विसरले आहेत.

१८०२-०३ च्या सुमारास ती प्रुदाँची शिष्या झाली. प्रुदाँचा जन्म १७५८ सालीं बर्गंडी प्रांतांतील क्लुनी येथें एका पाथरवटाच्या घरीं झाला. बर्गंडी प्रांताचें बक्षीस मिळवून तो १७८४ त रोमला गेला. त्याचें मूळचें नांव नुसतें प्येर प्रुदाँ. पॉल हें त्यानें रूबेन्सच्या प्रेमानें मागाहून जोडलें असें सांगतात व आडनांवाची वर्णरचनाही बदलली. ज्याच्या नांवानें दुसऱ्याचें नांव झांकलें गेलें त्यानें स्वतःचेंही नांव हौसेनें घडविलेलें असावें, हा योग गमतीचा आहे. त्या काळीं फ्रान्सांत दाविदचें राज्य होतें: कठीण रेषा, संगमरवरी देह, रोमन वीरांचा निग्रह. हर्क्युलेनियम व पाँपेई येथील उत्खननांनीं प्राचीन वस्तूंची जी गोडी युरोपांत उत्पन्न केली तिचाच हा परिणाम होता. प्रुदाँही त्याच प्राचीनांचा भक्त. परंतु त्यानें त्यांच्यांतील वीररस सोडून शृंगार व करुण घेतला, आणि रेषेपेक्षां छायाप्रकाशावर भर दिला. निळसर कागदावर काळ्या व पांढऱ्या खडूनें काढलेलीं त्याचीं रेखाटनें पाहिलीं म्हणजे अंधारांतून देह उगवतो कीं काय असें वाटतें. त्याला फ्रान्सचा कोरेज्जो म्हणत तें उगीच नव्हे.

आपल्या चित्रास कोरेज्जोचा संबंध अगदीं निकटचा आहे. लूव्रमध्यें कोरेज्जोचें निद्रिस्त व्हीनस, क्यूपिड व सॅटिर ह्यांचें प्रसिद्ध चित्र आहे. त्याला पूर्वीं ज्युपिटर व अँटिओपी असें म्हणत. तेथेंही वनांतील सावली, तेथेंही देवीजवळ निजलेला मुलगा. पण कोरेज्जोच्या चित्रांत झोपलेल्या देवीवरील पांघरूण दूर करणारा एक कामातुर सॅटिर उभा आहे व पाहणारा नकळत त्याच्याच डोळ्यांनीं पाहूं लागतो. मेयेरच्या चित्रांत तो नाहीं. त्याच्या जागीं झेफिर आले आहेत. हे वायु व्हीनसचे जुने सेवक होत: समुद्राच्या फेसांतून जन्मलेल्या देवीस सायप्रस बेटाच्या किनाऱ्यास वाहून नेणारा पश्चिमवायूच होता, असें ग्रीक स्तोत्रांत वर्णन आहे. आमच्या कवींचा मलयानिल जसा मदनाचा सोबती, तसा हा झेफिर. दिशा तेवढी निराळी. सॅटिर जाऊन झेफिर आल्यानें चित्राचा भावच पालटला आहे. देवीच्या झोपेवर कोणाची झडप पडणार नाहीं; तिला जाग येईल ती वाऱ्याच्या स्पर्शानें. आई व मूल एका झोपेंत गुंतलेलीं आहेत हा ह्या चित्राचा खरा विषय, व देवीचें सौंदर्य हें त्याचें निमित्त, असें आमचें मत आहे. मेयेरनें १८१० सालीं सुखी माता व परित्यक्ता माता अशीं जीं दोन चित्रें मांडलीं (दोन्ही आज लूव्रमध्यें आहेत) त्यांत हाच विषय पौराणिक वेष टाकून उघडा झाला आहे. केवळ विषयाच्या ह्या सातत्यावरून कर्तृत्व सिद्ध होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु हें चित्र तिच्या मालिकेंत चपखल बसतें, एवढें तरी मान्य व्हावें.

त्याच १८०६ च्या प्रदर्शनांत आणखी एका स्त्रीचें पुराणचित्र होतें. आंझेलिक माँझे हिनें थीसियस व पिरिथूस हे वीर दरोडेखोरांचा संहार करून स्त्रियांस सोडवीत आहेत असा प्रसंग भव्य प्रमाणावर काढला होता. हिचा पति आंत्वान माँझे हा पुराणवस्तूंचा व नाण्यांचा गाढा अभ्यासक, आणि ती स्वतः दाविदची शिष्या. दाविदनें १८१२ सालीं ह्या जोडप्याचें एकत्र चित्र काढलें असून तेंही लूव्रमध्यें आहे. माँझेबाईच्या वाट्यासही तेंच आलें: वीरांचे नग्न देह बाईनें काढावे काय, आणि काढले असल्यास त्यांत गुरूचा हात किती, अशी कुजबूज. म्हणजे मेयेरवरील संशय तिच्या एकटीच्या वर्तनांतून निघालेला नसून तो सर्वच स्त्री चित्रकारांवर आधींपासून रोखलेला होता.

ह्या चित्राचें कौतुक मात्र झालें. खुद्द सम्राज्ञी जोसेफिननें तें घेतलें. प्रुदाँनें नुकतेंच, १८०५ सालीं, मालमेझाँच्या उद्यानांत बसलेल्या जोसेफिनचें प्रसिद्ध चित्र केलें होतें. तेव्हां ह्या गुरुशिष्यांची ओळख तिला नवीन नव्हती. १८०८ च्या प्रदर्शनांत मेयेरनें ह्या चित्राचा जोड म्हणून व्हीनसची मशाल हें चित्र मांडलें, तेंही जोसेफिनकडे गेलें. जोसेफिन २९ मे १८१४ रोजीं मालमेझाँ येथें वारली व तिचा संग्रह पुढें पांगला. मालक मेला म्हणजे दप्तराची जी वाताहत होते ती चित्रांचीही होते, हें आमच्या वाचकांस सांगणें नको.

आतां विरुद्ध पक्षाचा मुख्य पुरावा पाहूं. तो म्हणजे प्रुदाँचीं रेखाटनें. मेयेरच्या अनेक चित्रांसाठीं, व ह्या चित्रासाठींही, प्रुदाँनें स्वतः रेखाटनें करून दिलीं होतीं, ह्यांत शंका नाहीं. ही त्यांची नेहमींची पद्धत होती: कल्पनेचा प्रथम आकार बहुधा गुरु कागदावर उतरी, आणि रंगांत मोठें चित्र सिद्धीस नेण्याचें काम शिष्या करी. प्रुदाँ हा हातीं घेतलेलें चित्र पुरें करण्यांत फार मंद, मेयेर चिकाटीची. रशियांतील हर्मिताज संग्रहांत निष्पापता धनापेक्षां प्रेमास वरते ह्या विषयाचें १८०४ चें चित्र आहे, तेथें दोघांचींही नांवें लावलेलीं आहेत, आणि तें बरोबर आहे.

परंतु रेखाटन गुरूचें म्हणून चित्र गुरूचें, हा न्याय लावणाऱ्यांनीं तो सर्वत्र सारखा लावावा. नेपोलियनच्या राज्याभिषेकाच्या प्रचंड चित्रांत दाविदला रूझे ह्या शिष्याचें साहाय्य होतें. तें चित्र कोणी रूझेचें म्हणत नाहीं. रूबेन्सच्या चित्रशाळेंत शिष्यांनीं रंगविलेलीं चित्रें रूबेन्सच्याच नांवानें चालतात, कारण कल्पना त्याची. म्हणजे शिष्यानें रंगविलें तरी चित्र गुरूचें. बरें, मग कधीं शिष्यास श्रेय मिळावयाचें? चित्र शिष्यानें रंगविलें, शिष्येच्या नांवानें सरकारी प्रदर्शनांत गेलें, शिष्येचें म्हणून सम्राज्ञीनें घेतलें, तरीही तें गुरूचेंच असेल, तर शिष्येचें असें कांहीं उरतच नाहीं. ज्या कसोटीनें निकाल एकाच बाजूस लागतो ती कसोटी नव्हे. आमच्या मतें येथें कल्पनेंत प्रुदाँचा वाटा कबूल करावा, तो मोठा होता असेंही कबूल करावें, आणि चित्राच्या कर्तृत्वाचा मान समकालीन नोंदीप्रमाणें मेयेरला द्यावा.

मग नांव बदललें कां? ह्याचें एक कारण बाजार व दुसरें चरित्र. प्रुदाँ १८२३ सालीं वारला व त्याची कीर्ति त्यानंतर वाढतच गेली. १८४६ सालीं देलाक्रवानें त्याच्यावर लेख लिहिला, १८७२ त क्लेमाँनें चरित्र प्रसिद्ध केलें, १८७६ त एद्माँ द गाँकूरनें त्याच्या कामाची तपशीलवार सूची तयार केली. ज्या चित्रास प्रुदाँचें नांव लागे त्याची किंमत चढे. मेयेरच्या नांवास तसा उठाव नव्हता. ह्या परिस्थितींत विकणाऱ्याला कोणतें नांव गोड वाटेल हें सांगावयास नको. पॅरिसमध्यें राहून चित्रें जमविणारा इंग्रज उमराव, हर्टफर्डचा चौथा मार्क्विस, १८७० सालीं वारला. त्याचा संग्रह सर रिचर्ड वॅलेस ह्याजकडे आला. वॅलेसच्या विधवेनें तो १८९७ त राष्ट्रास अर्पण केला व १९०० सालीं तो लोकांस पाहण्यास खुला झाला. ह्याच संग्रहांतून आपलें चित्र प्रुदाँचें म्हणून लोकांपुढें आलें. संग्रहांत प्रुदाँचें व्हीनस आणि अडोनिस हें चित्र आहेच. शेजारीं दुसरी व्हीनस असल्यास तीही त्याचीच, असें वाटणें स्वाभाविक होतें.

चरित्राचा भाग दुःखकारक आहे. प्रुदाँचा संसार फाटका होता. १८०३ सालीं त्याच्या पत्नीस वेड्यांच्या इस्पितळांत ठेवावें लागलें. मेयेरनें त्याच्या मुलांचा सांभाळ केला, आणि १८१० त तिचे वडील वारल्यावर वारसानें आलेला पैसाही ह्याच घरांत खर्च होऊं लागला. सरकारनें चित्रकारांस सॉर्बोनच्या इमारतींत बिऱ्हाडें दिलीं होतीं. तेथें दोघांचीं बिऱ्हाडें शेजारीं होतीं. पुढें तीं खोल्या खालीं करण्याचा प्रसंग आला. पत्नी मेल्यास तूं पुनः लग्न करशील काय, असें तिनें विचारलें व त्यानें साफ नकार दिला, अशी हकीकत सांगतात. ती बखरींतल्या संवादासारखी आहे. बंद खोलींतील शब्द कोणीं ऐकले? निश्चित एवढेंच कीं, २६ मे १८२१ रोजीं मेयेरनें प्रुदाँच्याच वस्तऱ्यानें गळा कापून घेतला. ह्या धक्क्यांतून तो सावरला नाहीं. त्यानें १८२२ सालीं तिच्या चित्रांचें प्रदर्शन मांडलें, तिनें सुरू केलेलें दुःखी कुटुंबाचें चित्र स्वतः पुरें केलें, आणि पुढच्या वर्षाच्या फेब्रुवारींत तोही गेला.

ह्या शोकान्तिकेनें मेयेरचें एक नुकसान केलें, त्याकडे फारसें कोणी लक्ष दिलेलें नाहीं. चरित्रकारांच्या हातीं ती प्रुदाँच्या कथेंतील एक पात्र झाली: निष्ठावंत शिष्या, अभागी प्रिया. चोवीस वर्षें प्रदर्शनांतून चित्रें मांडणारी कारागीर मागें पडली. पात्राला हस्तकौशल्य कोण विचारतो? तिच्यावर प्रेम होतें म्हणून त्यानें तिच्या नांवानें चित्रें काढून दिलीं, असा तर्क निघाला, व एकदां निघाल्यावर तोच पुरावा म्हणून पुढें करण्यांत येऊं लागला. वास्तविक १८२२ ची प्रुदाँची कृति ह्या तर्काच्या उलट आहे. ज्यानें तिच्या मरणानंतर चित्रें गोळा करून तीं तिचीं म्हणून जगापुढें ठेविलीं, त्याचीच साक्ष त्याच्या भक्तांनीं नाकारावी हें चमत्कारिक आहे.

उलट बाजूनें होणारी चूकही टाळली पाहिजे. १९८० नंतर हेलन वेस्टन प्रभृति अभ्यासकांनीं मेयेरची बाजू जोरानें मांडली, तें योग्यच झालें. परंतु त्या भरांत कांहीं लोक प्रुदाँचीं रेखाटनें जणूं नव्हतींच असें बोलूं लागले आहेत. तसें करण्याचें कारण नाहीं. रेखाटनें आहेत, उत्तम आहेत, आणि चित्रांतील कोमल छाया त्यांच्यावांचून संभवली नसती. मात्र रेखाटनावरून मोठें चित्र करणें म्हणजे नकल उतरणें नव्हे. कागदावरील काळ्यापांढऱ्या खडूंत त्वचेचा रंग नसतो, रानाची हिरवळ नसते. प्रकाशाची जागा सुचविलेली असते, त्याची ऊब सुचविलेली नसते. हें सर्व रंगविणाऱ्या हातानें स्वतः ठरवावयाचें असतें.

ह्या प्रश्नाचा पुढील तपास मूळ कापडावरूनच होऊं शकेल. मेयेरचीं १८१० चीं दोन चित्रें व १८१९ चें सुखस्वप्न हीं लूव्रमध्यें आहेत. ह्या चित्रांतील रंगाचे थर, डांबरी रंगामुळें पडणाऱ्या भेगा, देहाच्या कडा मृदु करण्याची तऱ्हा, ह्यांची लंडनच्या चित्राशीं तुलना शेजारीं ठेवून व्हावयास पाहिजे. वॅलेसच्या विधवेच्या दानपत्राच्या अर्थामुळें त्या संग्रहांतील वस्तु शंभर वर्षांहून अधिक काळ इमारतीबाहेर जाऊं शकत नव्हत्या. २०१९ सालीं तात्पुरत्या मुदतीसाठीं वस्तु बाहेर देण्याची मोकळीक त्या संस्थेस मिळाली आहे. तेव्हां प्रुदाँचीं रेखाटनें, लूव्रमधील तिन्ही चित्रें व ही निद्रिस्त व्हीनस एका दालनांत मांडून पाहण्यास आतां कायद्याची हरकत राहिलेली नाहीं.